वीस हजार डिग्री आणि हळदीचा हात

धरमपेठ, नागपूर
२५ नोव्हेंबर १९३८

तीर्थरूप मामाजींच्या पायांशी इंदूचा नमस्कार. आज नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकले आहे, कारण पत्राच्या शेवटी एक मागणं आहे. आधी आनंदाची बातमी सांगते.

माझा एम.एस्सी.चा प्रयोग एकदाचा चालू झाला. हातभर लांबीची काचेची नळी आहे. पंपाने तिच्यातली जवळजवळ सगळी हवा काढायची, आणि जी थोडी उरते तिच्यातून वीज सोडायची. मग आत असा जांभळट गुलाबी उजेड पडतो की मामींना त्या रंगाचं लुगडं घ्यावंसं वाटेल. विजेमुळे हवेचे काही अणू फुटतात आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन नावाचे अगदी बारीक कण मोकाट सुटतात. अशा फुटक्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. नाव ठेवून दहाच वर्षं झाली आहेत, म्हणजे माझ्यापेक्षा लहान आहे.

मी त्या नळीत एक बारीक तार घालून इलेक्ट्रॉनांचं तापमान काढलं. वीस हजार डिग्री! सूर्याच्या पृष्ठभागाच्या तिप्पट! आणि ती पेटलेली नळी मी खुशाल हातात धरते.

आता मागणं. परीक्षा मार्चअखेर आहे. तोवर मला दाखवायला कुणाला आणू नका. परीक्षा झाली की तुम्ही म्हणाल त्या पाटावर, म्हणाल तितका वेळ, खाली मान घालून बसेन. आई-बाबा गेल्यापासून तुम्ही माझा एकही हट्ट मोडला नाही. हाही मोडू नका.

कुसुमात्या बरी आहे. तुम्ही पाठवलेल्या तिखटाने तिचे यजमान रोज रडतात आणि रोज मागतात.

तुमची
इंदू


भिवापूर
३० नोव्हेंबर १९३८

चिरंजीव इंदूला आशीर्वाद. आशीर्वाद घाईघाईने देतो आहे, कारण रागवायचं आहे.

तुझं पत्र आलं की मिरचीचं वजन आटोपल्यावर दुकानात मोठ्याने वाचायचं, ही आपली पद्धत तुला माहीत आहे. तुझ्या मामीला अक्षर येत नाही, आणि गावाला दुसरी करमणूक नाही. मी आपला वाचत गेलो. ‘वीस हजार डिग्री’ म्हटलं आणि पाठोपाठ ‘हातात धरते’. वजनकाट्यावर बसलेले आपले नत्थूजी ताडकन उठले.

“मालक, पानी शंभरावर उकयते ना? मंग वीस हजारावर पोरीचा हात राह्यला का?”

तुझ्या मामीने तिथेच रडण्याचा सूर लावला. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव विचारपूस करून गेलं. उरलेलं अर्धं दर्शनाला म्हणून आलं, कारण तोवर कुणीतरी तुझ्या अंगात देवी येते असं ठरवून टाकलं होतं. एका म्हातारीने दुकानात नारळ फोडला आणि त्याचं पाणी माझ्या सुक्या मिरचीवर गेलं.

तर ऐक. ती नळी ताबडतोब कॉलेजात परत कर. कुसुमबाईंच्या घराचं छप्पर लाकडी आहे. आणि हात कसा आहे ते खरं खरं कळव. लपवू नकोस. सावनेरच्या रुपरावजींच्या कानावर हे गेलं तर काय म्हणतील?

रुपरावजी कोण, ते विचारू नकोस.

नानामामा


धरमपेठ
३ डिसेंबर १९३८

मामाजींना नमस्कार, आणि भिवापूरच्या समस्त श्रोत्यांनाही. नत्थूजी, खाली बसा.

रुपरावजी कोण?

बरं, नका सांगू. आधी तापमानाचं समजून घ्या. तुमच्या मिरचीचं एक बी जिभेवर ठेवलं तर माणूस नाचतो. तेच बी गावजेवणाच्या वरणाच्या कढईत टाकलं तर कुणाला पत्ता लागतो का? बी तेवढंच तिखट असतं, पण कढई तिखट होत नाही. तापमान म्हणजे एकेक कण किती तिखट आहे ते. हात भाजतो तो असे किती कण अंगावर येतात त्यावर. माझ्या नळीत कण मोजकेच आहेत. शिवाय तापलेले आहेत ते फक्त इलेक्ट्रॉन, आणि ते इतके हलके की हवेच्या जड अणूवर आपटून तसेच उलटे पळतात. म्हशीला माशी धडकली तर म्हैस थोडीच हलते? म्हणून हवा थंडच राहते आणि काचही.

आता कणाचा तिखटपणा म्हणजे काय, तर त्याचा वेग. माझे इलेक्ट्रॉन एका सेकंदात मुंबईच्या पलीकडे जातील. पण वेगाची गंमत अशी, की सगळे एकाच दिशेने निघाले तर ते तापमान नव्हे. वरात कितीही जोरात निघाली तरी ती गार. पंगत उठल्यावर जो तो आपल्या चपला शोधत वाट्टेल तिकडे पळतो ना, ते तापमान! आणि दुसरी गंमत, वेग दुप्पट हवा असेल तर तापमान दुपटीने भागत नाही, चौपट करावं लागतं.

हाताचा पुरावा हवा ना? आत्या आत्ताच हळद कुटत होती. तिच्या ताटात हात बुडवून खाली ठसा उमटवला आहे. पाची बोटं आहेत, एकही फोड नाही. मामींना दाखवा.

इंदू


भिवापूर
९ डिसेंबर १९३८

इंदू, आशीर्वाद. नमस्कार तुलाच करावा असं झालं आहे, पण मामा पडलो.

तुझं पत्र आलं तेव्हा मी उमरेडच्या बाजाराला गेलो होतो. पोस्टमनने पाकीट मामीच्या हातात दिलं. ती वाचू शकत नाही, पण पाहू शकते. तिने उघडलं तर आत हळदीचा हात! एवढी शिकलेली पोर तू. आपल्या घरातून हळद लावलेला कागद कधी जातो, एवढंही विसरलीस? मामी म्हणाली, “पोरगी बोलाले लाजते, म्हून हळदीचा हात धाडला वं माय!” आणि ओट्यावर बसून साखर वाटली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण तिने नत्थूजींना छोट्या आगगाडीत बसवून थेट सावनेरला पाठवलं, पोरीचा होकार आला म्हणून.

आता रुपरावजी कोण ते सांगतो. सावनेरचे कापसाचे आडते. त्यांचा मुलगा मुकुंद तिकडच्या कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर आहे. दिवाळीपासून आमचं बोलणं चालू आहे. तुला कळवलं नाही, कारण तू नाही म्हटलं असतंस. हे माझं चुकलं असेल, पण माणसं चांगली आहेत.

नत्थूजी परत आले ते माघातला मुहूर्त घेऊनच. मी कपाळाला हात लावला. माघ म्हणजे परीक्षेच्या आधी, आणि त्यांच्या घरात सून लग्नानंतर कॉलेजात जात नाही. शब्द कसा फिरवू? मामीला खरं सांगितलं तर तिने पदर डोळ्याला लावला आणि दोन दिवस माझ्या भाकरीवर तूप पडलं नाही.

पुढच्या रविवारी, १८ तारखेला, ती मंडळी तुला पाहायला धरमपेठेत येणार. मला यायला हवं, पण काल मिरचीच्या पोत्यांवर चढलो असताना अशी शिंक आली की खाली आलो. पाय सुजला आहे. तू नीट बस. विचारतील तेवढंच सांग. आणि त्या नळीचं नावसुद्धा काढू नकोस.

मिरचीच्या बियाचं मात्र पटलं. नत्थूजींनाही पटलं. हल्ली ते गिऱ्हाइकाला म्हणतात, “आमच्या मिरचीचं तापमान पाहा, वजन नका पाहू.”

नानामामा


धरमपेठ
१९ डिसेंबर १९३८

मामाजींना नमस्कार. पायाला शेक द्या आणि हे पत्र बसून वाचा. दुकानात वाचू नका.

नळीचं नाव मी काढलं नाही, शपथेवर सांगते. त्यांनी काढलं.

मंडळी आली ती रुपरावजींच्या मागे रांगेने. ते बसले, सगळे बसले. त्यांनी सुपारी उचलली, सगळ्यांनी उचलली. ते हसले की सगळे हसायचे. सगळे एका दिशेने, एकाच चालीने. मामाजी, एवढी गार मंडळी मी नळीतसुद्धा पाहिली नाही. आणि ही सगळी गारठलेली मंडळी माझा माघ ठरवायला आली होती.

रुपरावजींनी घसा साफ केला. “हात दाखव वं पोरी. आमी आयकलं का तू इस्तव हातात घेतं म्हून.”

“घेते,” मी म्हटलं. “तुम्हीही घेऊन पाहा.”

प्रोफेसरसाहेबांकडून मी छोटी नळी आणि तिची पेटी मागून आणली होती. सहज, आत्याला दाखवायला. (बरं, सहज नव्हे.) कळ दाबली, नळी पेटली आणि मी ती हातात धरून आकडा सांगितला.

मग काय विचारता! त्यांचे ज्योतिषी अंगणात. चुलत काका धान्याच्या कोठीमागे. काकू देवघरात, आणि एक पाहुणे आत्याच्या न्हाणीघरात शिरले ते लवकर बाहेरच आले नाहीत. रुपरावजी खुर्चीवर उभे. जो तो वेगळ्या दिशेला, वेगळ्या वेगाने. तापमान म्हणजे काय ते शिकवायला मला याहून चांगला प्रयोग जन्मात मिळायचा नाही.

जागच्या हलल्या नाहीत त्या मुकुंदरावांच्या आई, रुखमाबाई. त्यांनी पदर सावरला आणि हात पुढे केला. “आन इकडं.” नळी मुठीत धरली आणि अशा गोड हसल्या! “अवं, हे तं कोमट बी नाही! यापरीस माह्या चुलीवरचा तवा बरा.”

मग त्यांच्या हातातून मुकुंदरावांनी घेतली. उलटीसुलटी पाहिली आणि विचारलं, “हाताले लागत नाही, तं मंग याले तापमान म्हनाचं कशाले?” मामाजी, आमच्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी मोजक्या कणांचं सांगितलं, वेगाचं सांगितलं, वरातीचं सांगितलं, चौपटीचं सांगितलं. ते मधे एकदाही ‘हो हो’ म्हणाले नाहीत. न समजताच मान हलवणारे लोक मला आवडत नाहीत. समजल्यावर मात्र हलवली. मग म्हणाले, “तुमची परीक्षा कधी आहे?” दिवसभरात एवढे प्रश्न झाले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, चालून दाखव. हा मात्र कुणी विचारला नव्हता.

मी सांगितलं. ते वडिलांकडे वळले. “बाबा, माघ जमत नाही.”

रुपरावजी खुर्चीवरून उतरले, जोडे पायात अडकवले आणि गेले. मागून सगळे, पुन्हा रांगेने.

तर माघ टळला असं समजा. मुकुंदरावांबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. उंची बेताची. नखांत कोळसा. अक्षर कसं आहे माहीत नाही.

इंदू


भिवापूर
२ जानेवारी १९३९

चि. इंदूला आशीर्वाद, आणि गालावर एक चापट.

पत्र दोनदा वाचलं. पाहुणे एवढे आले, त्या सगळ्यांना मिळून चार ओळी, आणि ज्याच्याबद्दल काहीच म्हणायचं नाही त्याला अख्खा परिच्छेद! नखंसुद्धा पाहिलीस. अक्षर कसं आहे माहीत नाही म्हणे. ते माहीत करून घ्यायची कुणाला घाई झाली आहे?

मामी पुन्हा साखर वाटायला निघाली होती. मी डबा लपवला. कारण ऐक.

पौष असूनसुद्धा रुपरावजी परवा स्वतः इथे येऊन गेले. चेहरा असा, की आमच्या वखारीतली मिरची फिकी वाटावी. बसले नाहीत. म्हणाले, “शब्द धाडला तुम्ही, हळद धाडली तुम्ही. आता पोरगी खेय दाखवून माह्या पावन्यायले पयवते. माघात लगन, नाही तं सोयरीक मोडली.”

मी खरं सांगून टाकलं. हळद होकाराची नव्हती, पोरीने भाजलं नाही हे दाखवायला हात उमटवला होता, आणि तो शब्द आमच्या घरच्या गैरसमजाचा होता. हात जोडून माफी मागितली. पण परीक्षा सोडायची नाही म्हणालो. वैशाखात करू.

“वैशाखाले चार महिने हायेत!”

“तेच म्हन्तो. तुमी अर्ध्या वेळात मांगता, म्हंजे माह्या वेग दुप्पट पाह्यजे. दुप्पट वेगाले मले चौपट तापवा लागन. एवढा तं मी आत्ताच तापून राह्यलो, रुपरावजी. चौपट तापलो तं तुमी पायी सावनेरले जान.”

काट्यावरून नत्थूजी ‘बरोबर’ म्हणाले. रुपरावजींनी मिशीवरून हात फिरवला. मग “इचार करून सांगतो” म्हणाले आणि गाडी धरली.

पोरी, तुझा हट्ट मोडला नाही. पण सोयरीक बहुधा मोडली. तुला वाईट वाटणार असेल तर ते मला आधी कळायला हवं होतं. तुलाही.

नानामामा


धरमपेठ
२८ जानेवारी १९३९

मामाजींना नमस्कार.

प्रयोग उत्तम चालला आहे. वेगाचे आकडे नियमात नीट बसतात. प्रोफेसरसाहेब खूश आहेत. आत्या बरी आहे. हवा छान आहे.

सावनेरची छोटी गाडी संध्याकाळी नागपुरात येते, हे मला परवा सहज कळलं. कॉलेजातून येताना शिट्टी ऐकू येते. वारा तिकडून असेल तर.

त्या पाहुण्यांना घाबरवायला मी नळी आणली होती. सगळे घाबरून पळावेत अशीच इच्छा होती. एकाने पळू नये, असं वाटेल हे नळी पेटेपर्यंत माहीत नव्हतं. ते पळालेही नाहीत. तरी गेलेच.

तुम्ही परीक्षेसाठी भांडलात. मी पहिली येऊन दाखवीन. पण खरं सांगते मामाजी, वाईट वाटतं आहे. हे दुकानात वाचू नका.

इंदू


सावनेर
९ फेब्रुवारी १९३९

इंदूले रुखमाबाईचा आशीर्वाद. मले लिवता येत नाही. मी बोलून राह्यली आन मुकुंदा लिवून राह्यला. मी सांगतलं तेच लिव म्हनलं त्याले, आपल्या मनचं घालू नको.

(घालत नाही. – मुकुंद)

पोरी, तू गेला म्हैनाभर काही आयकलं नसशीन. घरात लय गदारोय होता. आमचे हे भिवापुरावून आले ते जोडे आपटतच. मी पुसलं, काय झालं? तं म्हन्ते, नानाजी म्हन्ते का चौपट तापवा लागन. आन मंग मानूस एकटाच हासाले लागला! मांगून पुन्हा रागावला. हासलो म्हून रागावला.

मंग म्या त्यायले सांगतलं. म्हनलं, त्या पोरीनं माह्या हातात वीस हजाराचा इस्तव देल्ला आन फोड आला नाही, तवाच मले समजलं का हे मले नवं नाही. तीस वर्षं मी असीच नयी सांभायून राह्यली. यायचा पारा लय वर असते, वीस हजाराच्या बी वर. पाहनारा अंगनात पयते. पन आतमंदी कन मोजकेच. हात लावून पाहावं तं कोमट.

(हे मी गाळणार होतो. आईने वाचून घेतलं. बाबा बाजूलाच बसले आहेत. तेही हसत आहेत. – मुकुंद)

तं आता आयक. परीक्षा दे. पह्यली ये, नाही तं दुसरी ये, पन दे. मंग वैशाख आहे, जेठ आहे, पुढचं साल बी आहे. मांगची हळद तुले न पुसता आमी होकार समजलो, ते बरं नाही झालं. पोरीले पुसलंच नाही कोनी. म्हून आता मीच पुसते.

खाली माह्या हात हाये हळदीचा. याच हातानं नयी धरली होती. पाहून घे, फोड नाही. त्याच्या बाजूले जागा सोडली. तुले वाटलं तं तुह्या हात लाव आन धाड. नाही वाटलं तं कागद चुलीत घाल, माह्या आशीर्वाद तसाच राहीन.

रुखमाबाई

(नानाजींच्या पत्रातून कळलं, म्हणून: माझं अक्षर हे असं आहे. नखं घासली आहेत. – मुकुंद)


पोस्टकार्ड
धरमपेठ, १२ फेब्रुवारी १९३९

मामाजींना आणि मामींना नमस्कार.

अभ्यास जोरात आहे. परीक्षेनंतर लागेल म्हणून थोडी चांगली हळद पाठवा. आत्याची संपली.

हे दुकानात वाचायला हरकत नाही.

इंदू